चोथ्यात उरलेले लॅव्हेंडर

फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात आणि बल्गेरियात उन्हाळा भरात आला की लॅव्हेंडरची कापणी होते आणि देठांसह कापलेले फुलोरे तेल काढण्यासाठी भट्टीत भरले जातात. १०० किलो ताज्या फुलोऱ्यांतून सुगंधी तेल मिळते ते साधारणतः किलोभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. बाकीचा जवळजवळ सगळा माल ओल्या, वाफाळत्या चोथ्याच्या रूपाने बाहेर पडतो. हा चोथा कुजवून त्याचे खत केले जाते किंवा वाळवून तो बॉयलरखाली जाळला जातो. यात वावगे काही नाही. मात्र तेलाइतकीच मोलाची ठरू शकणारी काही द्रव्ये त्याबरोबर खतात किंवा राखेत जातात, हे नुकसान टाळण्याजोगे आहे.

ही द्रव्ये मागे का राहतात, याचे उत्तर तेल काढण्याच्या ऊर्ध्वपातन प्रक्रियेतच आहे. ऊर्ध्वपातन म्हणजे पदार्थाची वाफ करून ती पुन्हा थंड करणे. भट्टीतील वाफ आपल्याबरोबर हलके आणि सहज उडणारे रेणू तेवढे वाहून नेते. लॅव्हेंडरच्या सुगंधाचा एक मुख्य घटक असलेल्या लिनालूलचा रेणुभार १५४ आहे, तर त्याच वनस्पतीतील रोझमॅरिनिक आम्लाचा ३६० आणि उर्सोलिक आम्लाचा ४५६ आहे. हे जड रेणू वाफेबरोबर उडत नाहीत, त्यामुळे तेल निघून गेल्यावरही ते पानांत, देठांत आणि फुलांच्या निदलपुंजांत शिल्लक राहतात.

रोझमॅरिनिक आम्ल इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये प्रथम रोझमेरी या वनस्पतीतून वेगळे केले आणि तिच्यावरूनच त्याला नाव मिळाले. लॅव्हेंडर आणि आपल्या अंगणातील तुळस ही दोन्ही रोझमेरीच्याच कुळातली असून तुळशीतही हे आम्ल आढळते. तेल-तूप हवेतील ऑक्सिजनमुळे खवट होते. ही क्रिया रोखणाऱ्या द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात आणि रोझमॅरिनिक आम्ल त्यांपैकीच एक आहे. उर्सोलिक आम्ल पानांवरील मेणचट थरात असते. सफरचंदाच्या सालीवरील मेणातही ते सापडते. यांखेरीज ल्युटिओलिनसारखी फ्लॅव्होनॉइडे आणि वाळल्या गवतासारखा गोड वास असणारे कुमारिन हेही चोथ्यात असते.

ही द्रव्ये वेगळी करताना त्यांच्या विद्राव्यतेचा, म्हणजे कोणते द्रव्य कशात विरघळते याचा आधार घेतला जातो. उर्सोलिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये उतरते. रोझमॅरिनिक आम्ल पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात चांगले उतरते. मेणचट घटकांसाठी कार्बन डायऑक्साइडही वापरता येतो. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबापलीकडे हा वायू अशा अवस्थेत जातो की तो वायूप्रमाणे चोथ्यात शिरतो आणि द्रवाप्रमाणे द्रव्ये विरघळवतो. दाब उतरवताच तो उडून जातो आणि अर्कात विद्रावक उरत नाही. म्हणूनच आधी या वायूने मेणचट भाग काढावा, मग पाणी-अल्कोहोलने रोझमॅरिनिक आम्ल काढावे आणि शेवटी उरलेले तंतू खताला किंवा इंधनाला द्यावेत, असा क्रम तर्काला धरून आहे. भट्टीच्या तळाशी साचणाऱ्या गडद पाण्यातही विद्राव्य घटक उतरलेले असतात, तेव्हा तेही ओतून देण्याजोगे नाही.

या कामातील खरी अडचण मात्र प्रयोगशाळेबाहेरची आहे. ओला चोथा ढिगात पडून राहिला की आतून तापतो, त्यावर बुरशी धरते आणि हवी असलेली संयुगे घटत जातात. शिवाय तो लांबवर वाहून नेणे म्हणजे मुख्यतः पाण्याचेच भाडे भरणे होय. वाळवणीची सोय भट्टीशेजारीच हवी ती यासाठी. प्रत्येक भट्टीला अर्कयंत्र परवडणार नाही. परंतु अनेक भट्ट्यांनी चोथा वाळवून एका सामाईक केंद्राकडे दिला, तर यंत्राचा खर्च वाटला जाईल. जम्मूमधील भदरवाह परिसरात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमुळे लॅव्हेंडरची लागवड वाढली आहे. तेथील छोट्या शेतकऱ्यांसाठी हा विचार विशेष महत्त्वाचा आहे.

प्रतिऑक्सिडीकारक गुण परीक्षानळीत दिसला म्हणून अर्क औषध ठरत नाही. औषध म्हणून वापरण्यासाठी त्याची वेगळी आणि कसून तपासणी लागते. तरीही सौंदर्यप्रसाधने आणि खाद्यपदार्थ टिकवणारी द्रव्ये यांसाठी अशा अर्कांचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. युरोपात अलीकडे अतिउत्पादनाने तेलाचे भाव कोसळले, तेव्हा केवळ तेलावर विसंबलेला शेतकरी अडचणीत आला. एकाच कापणीतून दुसरे उत्पन्न मिळू लागले, तर अशा मंदीत त्याला आधार राहील आणि ज्या पिकासाठी जमीन, पाणी व इंधन खर्ची पडले, त्याचा अधिकाधिक भाग सार्थकी लागेल.