वैद्यकीच्या जोडीस दुसरी पदवी

गेल्या जून महिन्यांत एक पालक आपल्या मुलीस घेऊन आम्हांस शाळेंत भेटावयास आले. मुलगी दहावींत, तिला डॉक्टर व्हावयाचें आहे आणि संशोधनही करावयाचें आहे. अमेरिकेंत या दोन्ही गोष्टींच्या पदव्या एकत्र, आणि त्याही फुकट, मिळतात असें त्यांच्या कानीं आलें होतें. इतर खर्चासाठीं गांवाकडील शेत विकावें काय, एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें. अशी विचारणा इतरांकडूनही होते, म्हणून त्यांना जें सांगितलें तें येथें लिहीत आहोंत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे एम्. डी. ही एम्. बी. बी. एस्.च्या वरची पदवी होय, अमेरिकेंत एम्. डी. हीच वैद्यकीची पहिली पदवी. तीही चार वर्षें कॉलेजांत काढून पदवीधर झाल्यावर आणखी चार वर्षांनीं मिळते. तिच्या जोडीस जो पीएच्. डी. घेतो, तो बहुधा दोन वर्षें वैद्यक शिकतो, मग चार-एक वर्षें प्रयोगशाळेंत घालवून प्रबंध लिहितो, आणि उरलेल्या दोन वर्षांसाठीं रोग्यांच्या खाटांपाशीं परत येतो. एकंदर आठ वर्षें धरावीं. तोंवर पहिले सोबती डॉक्टर होऊन बाहेर पडलेले असतात, आणि हा मात्र विसरलेला स्टेथास्कोप पुन्हां कानीं लावीत असतो. त्यापुढें इस्पितळांतील उमेदवारी आहेच. ती तीन वर्षांहून कमी नसते.

एवढा काळ कशासाठीं? हृदयशूळाच्या रोग्यास जिभेखालीं ठेवावयास नायट्रोग्लिसरिनची गोळी देतात. एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर हें औषध देत आले. गुण येई, पण तो कां येतो हें कोणास नीट सांगतां येत नसे. (सुरुंगाच्या दारूंतलाच हा पदार्थ. डायनामाइट शोधून काढणाऱ्या आल्फ्रेड नोबेललाही उतारवयांत डॉक्टरांनीं हेंच लिहून दिलें होतें!) 1977 सालीं फेरिड मुराद यांनीं दाखविलें कीं, या औषधापासून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु निघतो, आणि त्यामुळें रक्तवाहिन्यांचे स्नायु सैल पडतात. 1998 सालीं दोघा शास्त्रज्ञांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मुराद हे जोडपदवीचे अगदीं आरंभींचे विद्यार्थी. वडील अल्बानियाहून आलेले; आईबापांच्या खाणावळींत त्यांनीं लहानपणीं बशा विसळल्या होत्या. क्लीव्हलंडच्या विद्यापीठानें दोन्ही पदव्यांची फी भरून वर विद्यावेतनही देऊं केलें, म्हणून त्यांना हा मार्ग धरतां आला. 1965 सालीं दोन्ही पदव्या त्यांच्या हातीं आल्या.

म्हणजे फुकट मिळतें तें खोटें नाहीं. 1964 पासून तेथील सरकारही अशा विद्यार्थ्यांचा खर्च सोसूं लागलें. परंतु हा सरकारी पैसा तेथील नागरिकांस व कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसच मिळतो. परदेशी विद्यार्थ्यास आपल्या पदरच्या पैशानें घेणारीं विद्यापीठें थोडीं. हें ऐकून ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

दुसरी पदवी पीएच्. डी.च असली पाहिजे असेंही नाहीं. सार्वजनिक आरोग्याची पदवी डॉक्टरांस बहुधा एका वर्षांत घेतां येते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य नागपुरास एम्. डी. झाल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत गेलें, 1984 सालीं ही पदवी घेऊन परतलें, आणि 1986 पासून गडचिरोली जिल्ह्यांत कामास लागलें. गांवांतल्याच बायकांस शिकवून त्यांनीं 39 गांवांत नवजात अर्भकांची घरोघर शुश्रूषा चालविली. तुलनेसाठीं शेजारचीं गांवें धरून मृत्यूंची मोजदाद ठेविली. तिसऱ्या वर्षीं मृत्यूंचें प्रमाण सुमारें 62 टक्क्यांनीं घटलेलें दिसलें. ही हकीकत 1999 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. मूल वांचविणें हें वैद्यकीचें काम. पण इतकीं मुलें वांचलीं असें जगास पटवून देणें ही निराळी विद्या आहे, आणि ती मुद्दाम शिकावी लागते.

शेत तूर्त विकूं नये असें आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें. मुलीनें आधीं येथेंच एम्. बी. बी. एस्. व्हावें; त्यास इस्पितळांतील एक वर्ष धरून साडेपांच वर्षें लागतात. तेवढ्या अवधींत कोणता प्रश्न आपली पाठ सोडीत नाहीं, हें तिचें तिला कळेल. कोणताच नसेल तर चांगली डॉक्टर होण्यास एक पदवी पुरे.

मुलगी आतांपर्यंत गप्प होती. उठतांना तिनें विचारलें, “सर, ती गोळी जिभेखालींच कां ठेवतात? गिळत कां नाहींत?” गिळल्यास औषध अंगभर पसरण्यापूर्वींच यकृत त्याचा बहुतेक भाग मोडून टाकतें, हें आम्हांस पुस्तक उघडून मगच सांगतां आलें.