गल्ल्यावरची वही आणि खिशातला फोन

लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात सकाळी शटर वर जाते, गल्ल्यापुढे उदबत्ती लागते आणि तिच्या शेजारीच फोन चार्जिंगला लावला जातो. वीस वर्षांपूर्वी त्या जागी लाल कापडी पुठ्ठ्याची वही असे. आज दीपावलीच्या मुहूर्तावर पूजेला वहीच मांडली जाते, पण वर्षभराचा खरा व्यवहार फोनमध्ये असतो. कोणाकडे किती उधारी थकली, ट्रक कोठवर आला, सांगलीचा हळदीचा भाव काय निघाला, बँकेत किती जमा झाले, हे सारे त्या हातभर अंतरावरच्या काचेत दिसते. त्यामुळे घरात ‘कोणता फोन घ्यावा’ हा प्रश्न निघतो तेव्हा तो केवळ मुलांच्या हौसेचा राहिलेला नाही. राजारामपुरीतील दुकानांत मात्र अजूनही बोलणे सुरू होते ते कॅमेऱ्यापासून आणि रंगापासून.

व्यापारी घराने हा प्रश्न वेगळ्या बाजूने पाहावा, हे कोल्हापूरला पंचगंगेने शिकवले आहे. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले; शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या भागांत दुकाने पाण्यात उभी राहिली, महामार्ग बंद पडला, वीज गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. भिजलेली वही उन्हात वाळवली तर शाई पसरते, पाने फुगतात, तरी ओळखीच्या डोळ्यांना हिशेब लागतो. भिजून बंद पडलेला फोन मात्र काहीच सांगत नाही, जर त्यातल्या मजकुराची प्रत दुसरीकडे नसेल तर. फोन ही जर आता वही झाली असेल, तर तिला वहीचेच प्रश्न विचारले पाहिजेत. घरातल्या कोणाला ती वाचता येते? किती वर्षे टिकते? हरवली तर पुढे काय?

बाजारात प्रणाली दोनच उरल्या आहेत. अॅपलचा आयफोन २००७ मध्ये आला; यंत्रही त्या कंपनीचे आणि त्यातली आयओएस ही प्रणालीही तिचीच. गूगलची अँड्रॉइड २००८ मध्ये पहिल्या फोनवर दिसली आणि ती अनेक कंपन्यांना वापरता येते. भारतात दहापैकी नऊहून अधिक फोन अँड्रॉइडवर चालतात. पण अँड्रॉइड म्हणजे एकच वस्तू नव्हे. एकाच गिरणीचे कापड निरनिराळ्या शिंप्यांनी शिवावे, तशी प्रत्येक कंपनी तिला आपले रूप देते. सॅमसंगचे ‘वन यूआय’ वेगळे, शाओमीचे ‘हायपरओएस’ वेगळे. म्हणून ‘माझ्या भावाचा अँड्रॉइड असा चालतो’ यावरून दुसऱ्या कंपनीच्या अँड्रॉइडची परीक्षा होत नाही. काही कमी किमतीच्या फोनांत तर जाहिरातीही सूचनांच्या रूपाने डोकावतात, आणि पेढीवर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला बँकेची सूचना कोणती आणि जाहिरात कोणती हे उमगत नाही. हा दोष किमतीत दिसत नाही, वापरात दिसतो.

वाचता येणे, ही पहिली कसोटी. अँड्रॉइडचा संपूर्ण पडदा मराठीत करण्याची सोय २०१४ च्या आवृत्तीपासून आहे. आयफोनवर मराठी टंकलेखन होत असे, पण खुद्द प्रणालीची भाषा म्हणून मराठी आली ती मार्च २०२५ अखेरीच्या आयओएस १८.४ या आवृत्तीत, गुजराती, कन्नड आदी भाषांबरोबर. दहा वर्षांहून अधिक काळाचा हा उशीर आहे, आणि ज्या घरात आजोबा मराठी किंवा गुजराती वाचतात व नातू इंग्रजी, त्या घराला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अँड्रॉइडवर भाषा मराठी केली की घड्याळ आणि तारीखही देवनागरी अंकांत दिसू लागतात; आयुष्यभर देवनागरी आकड्यांत कीर्द लिहिलेल्या माणसाला एवढ्याने फोन आपला वाटू लागतो. अर्थात बँकांची आणि पैसे देण्याघेण्याची अनेक अॅप स्वतःच्या भाषेतच चालतात, तेव्हा वरून मराठी आणि आत इंग्रजी असा प्रकार दोन्हीकडे उरतोच.

भाषेइतकेच महत्त्व मांडणीला आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत पडद्याच्या तळाशी तीन बटणांची जुनी पद्धत ठेवता येते. चुकले की ‘मागे’ दाबावे, एवढे शिकले की निम्मी भीती जाते. आयफोनला तसे कायमचे बटण नाही. मागे जाण्याची खूण बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात असते किंवा कडेवरून बोट सरकवावे लागते, आणि थरथरत्या बोटाला ते जड जाते. उलट २०२३ पासून आयफोनमध्ये ‘असिस्टिव्ह अॅक्सेस’ ही सोय आहे. तिच्यात मोजकीच अॅप मोठ्या चौकटींत उरतात आणि बाकी सारे झाकले जाते. सॅमसंगच्या ‘इझी मोड’मध्येही अक्षरे आणि चिन्हे मोठी होतात. सासूबाईंसाठी फोन घेताना मेगापिक्सेल विचारण्याऐवजी दुकानातच ही सोय चालू करून फोन त्यांच्या हातात द्यावा. दहा मिनिटांत निकाल लागतो.

आता गल्ल्यावर यावे. येथे अँड्रॉइडची बाजू उघडच जड आहे, आणि त्याचे कारण किंमत एवढेच नाही. पावती छापणारे स्वस्त ब्लूटूथ प्रिंटर पुष्कळदा जुन्या प्रकारच्या ब्लूटूथने जोडले जातात. आयफोनशी तसे जुळण्यासाठी यंत्राला अॅपलची मान्यता लागते आणि स्वस्त यंत्रांना ती नसते. मुलाने हौसेने आयफोन आणला आणि दुकानाचा प्रिंटर मुका झाला, अशी गंमत त्यातूनच होते. प्रिंटर आणि वजनकाटा आधी, फोन नंतर, असा क्रम ठेवावा. बारकोड वाचणारी यंत्रे बहुधा कळफलकासारखी जोडली जातात, त्यामुळे ती दोन्हीकडे चालतात.

दोन सिमकार्डांचेही तसेच. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत दोन्ही कार्डे प्रत्यक्ष बसतात. येथे विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सर्वसाधारणपणे एक कार्ड आणि दुसरे ई-सिम. परदेशातून नातलगाकरवी फोन मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ मधील आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच नाही. स्वस्त म्हणून आणलेला फोन आधी ई-सिमच्या खटपटीला लावतो. व्हॉट्सअॅप आणि व्हॉट्सअॅप बिझनेस मात्र दोन्ही प्रणालींवर शेजारी शेजारी चालतात. घरचा नंबर एकात, पेढीचा दुसऱ्यात ठेवला म्हणजे लग्नाचे फोटो आणि मालाच्या मागण्या एकमेकांत मिसळत नाहीत.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या नोटाबंदीने आणि पुढे टाळेबंदीने ते गुजरीतल्या सराफापासून महाद्वार रोडवरच्या फुलवाल्यापर्यंत पोचले. पैसे आल्याची सूचना उशिरा येते, ही तक्रार अँड्रॉइडवर वारंवार ऐकू येते. तिचे एक कारण असे की बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन मागे चालू असलेली अॅप परस्पर झोपवतात. सेटिंगमध्ये त्या एका अॅपपुरते बॅटरीचे बंधन काढून टाकले की काम भागते. तरीही गर्दीच्या काउंटरवर फोनपेक्षा बोलणारी पेटी बरी. तिच्यात स्वतःचे सिम असते, मालक फोनवर बोलत असला तरी ती रक्कम पुकारते, आणि गिऱ्हाइकाने दाखवलेल्या बनावट चित्राने ती फसत नाही.

दोन प्रणालींतला सर्वांत गंभीर फरक मात्र लग्नसराईत कळतो. व्यापारी घरात हंगामात शेकडो पत्रिका व्हॉट्सअॅपवर येतात. गेल्या काही वर्षांत त्यातच अशा फाइली शिरल्या आहेत की ज्यांच्या नावात पत्रिकेचा उल्लेख असतो आणि शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. कधी त्या वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून येतात, कधी बँकेची सूचना म्हणून. एपीके म्हणजे कागद नव्हे, चित्र नव्हे. ते अँड्रॉइडवर बसणारे अॅप आहे. ते बसवले आणि एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. शिवाय ज्याचा फोन आधी बळी पडला, त्याच्याच नंबरवरून पुढची पत्रिका येते, म्हणून ती ओळखीची वाटते. आयफोनवर भारतात अॅपलच्या दुकानाबाहेरून असे अॅप सहजासहजी बसत नाही. अँड्रॉइड मोकळीक देते आणि ती मोकळीकच येथे महाग पडते. अर्थात फसव्या दुव्यावर जाऊन स्वतःच पिन टाकणाऱ्याला आयफोनही वाचवत नाही.

अँड्रॉइड वापरणाऱ्या घराने यासाठी दोन कामे करावीत. सेटिंगमध्ये अनोळखी अॅप बसवण्याची परवानगी व्हॉट्सअॅपला दिलेली नाही ना, हे पाहावे. आणि पेढीच्या मोठ्या खात्याचा नंबर, ज्या फोनवर दिवसभर पत्रिका उघडल्या जातात, त्या फोनमध्ये ठेवू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते आणि लाजेपोटी रात्र काढली की ती मावळते.

आयुष्याचा हिशेबही किमतीत धरला पाहिजे. फोन बिघडत नाही तोवर तो चालतो, ही समजूत जुनी झाली. कंपनीने सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती देणे थांबवले की फोन चालू दिसत असला तरी त्यावर बँकेचा व्यवहार ठेवणे जोखमीचे. आयफोनची ख्याती येथे चांगली आहे. २०१८ च्या फोनला २०२४ ची मुख्य आवृत्ती मिळाली. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे, पण ते महागड्या फोनांना. पंधरा-वीस हजारांच्या फोनाला किती वर्षे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. दोन वर्षांत उतरणारा स्वस्त फोन आणि सहा वर्षे चालणारा मध्यम फोन यांचा वर्षामागचा खर्च काढणे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. तरी फोन घेताना नेमके तेवढेच राहून जाते.

प्रतीचा प्रश्न तर पुराइतकाच खरा. व्हॉट्सअॅपची प्रत अँड्रॉइडवर गूगल खात्यात जाते, आयफोनवर आयक्लाउडमध्ये. गूगलची विनामूल्य जागा १५ जीबी, तीही मेल, फोटो आणि व्हॉट्सअॅप या सर्वांत मिळून. अॅपलची केवळ ५ जीबी. जागा भरली की नवी प्रत निघत नाही, आणि ‘जागा भरली’ ही सूचना महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. शिवाय या दोन कोठारांना एकमेकांची किल्ली लागत नाही. गूगलवरची प्रत आयफोनवर उतरत नाही. प्रणाली बदलायची तर जुना आणि नवा फोन समोरासमोर ठेवून नव्याची मांडणी करतानाच संभाषणे हलवावी लागतात. जुना फोन बदल्यात देऊन टाकल्यावर हे आठवून उपयोग नाही. उधारीची अनेक बोलणी केवळ त्या संभाषणांतच असतात.

जोडसामानाबद्दल थोडे. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, आयफोनलाही टाइप-सी आले आणि घरातल्या दोन वायरींचे भांडण मिटण्याच्या मार्गाला लागले. युरोपात तर डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना तोच आकार बंधनकारक आहे. पुरात वीज जाते तेव्हा पॉवर बँकेची किंमत कळते. मात्र तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला १०,००० चा आकडा हा धान्याच्या ओल्या वजनासारखा आहे. फोनपर्यंत त्यातला साधारण ६० ते ६५ टक्केच भाग पोचतो. बारीक अक्षरांत लिहिलेली ‘रेटेड कपॅसिटी’ आणि भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहून ती घ्यावी.

कव्हर घेताना चामड्याचा प्रश्न जैन घरात येतोच. अॅपलने २०२३ मध्ये आपल्या नव्या उत्पादनांत चामडे वापरणे बंद केले. त्याऐवजी आणलेले कापड लवकर मळले आणि ते पुढल्याच वर्षी मागे पडले. इतर कंपन्यांची चामडी कव्हरे बाजारात आहेतच. ‘जेन्युइन लेदर’ लिहिलेले ते खरे चामडे. ‘पीयू’ लिहिलेले कृत्रिम. विक्रेत्याच्या तोंडी दोन्ही ‘लेदर’च असतात, तेव्हा वेष्टन वाचावे.

‘आयपी ६८’ या शिक्क्यावर मात्र फार विसंबू नये. ती परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यातली असते, पंचगंगेच्या गढूळ लोंढ्यातली नव्हे, आणि पाण्याने बिघडलेला फोन हमीत सहसा बसत नाही. भिजलेला फोन तांदळात पुरण्याचा उपायही सोडावा. अॅपलने २०२४ मध्ये तो न करण्याचा सल्ला दिला, कारण तांदळाचे कण आत शिरतात. धान्याच्या पेढीवर हा मोह सर्वांत मोठा, कारण पोते हाताशीच असते. फोन बंद करावा, तोंड खाली करून पाणी झटकावे, मोकळ्या हवेत ठेवावा आणि वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

फोन हरवला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लागतो, आणि तो हरवलेल्या फोनमध्ये असून चालत नाही. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. येत्या दीपावलीला नवी वही मांडाल तेव्हा ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहिलेल्या पानाच्या पाठीवर घरातल्या प्रत्येक फोनचा तो क्रमांक लिहून ठेवावा.