मोबाइलवरची बटणं केवढी हवीत? आपणच तपासू या!

मैत्रिणींनो, गटाची बचत, कर्ज, परतफेड आता वहीबरोबर मोबाइलवरही नोंदवली जाते. 'लोकओएस' अ‍ॅपमध्ये नोंदी होतात. स्क्रीनवरच्या छोट्या चित्रांना आयकॉन म्हणतात. ती बारीक किंवा खेटून असली की दाबायला जावं एक आणि उघडतं दुसरंच. रक्कम चुकली तर गटाचा हिशोब जुळत नाही, आणि बँक कर्ज देताना हिशोबच बघते.

बोट चुकतं यात आपला दोष नाही. त्र्यंबकेश्वर भागात आवणीच्या दिवसांत हात ओले आणि बोटं भेगाळलेली असतात. ओल्या बोटाचा स्पर्श स्क्रीनला नीट कळत नाही. चाळिशीनंतर जवळचं अंधुकही दिसतं.

मग आकार केवढा हवा? अँड्रॉइड फोनसाठी गुगलची शिफारस आहे की दाबायची जागा सुमारे 9 मिलिमीटर असावी, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढी. दोन बटणांत थोडी मोकळी जागाही हवी. पण फार मोठी चित्रं केली तर स्क्रीनवर कमी मावतात आणि सारखं वर-खाली सरकवावं लागतं. म्हणून चाचणी करायची.

गटाच्या बैठकीत अशी करा:

1. वेगवेगळ्या वयाच्या सहा जणी निवडा. फोन कमी वापरणाऱ्या ताईही घ्या.
2. एकच फोन घ्या. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले'मध्ये जाऊन 'डिस्प्ले साइज' एकदा लहान, एकदा मोठी ठेवा.
3. दोन्ही वेळी सारखंच काम द्या: बाजारभावाचं पान उघडा, टोमॅटोचा भाव शोधा, मागे या.
4. तिघींना आधी लहान, तिघींना आधी मोठा आकार द्या. नाहीतर दुसऱ्या वेळी सरावानेच काम सोपं जातं, आणि श्रेय आकाराला मिळतं.
5. मध्येच सांगू नका, हात धरू नका. किती वेळा चुकीचं दाबलं आणि किती वेळ लागला, तेवढं लिहा.
6. शेवटी विचारा, "ताई, तुम्हाला कोणता बरा वाटला?"

आवडलेला आकार आणि कमी चुकांचा आकार एकच असेल असं नाही. "बारीक छान दिसतं" म्हणणारी ताईच तिथे चार वेळा चुकू शकते. दोन्ही गोष्टी लिहा, पण पैशाच्या कामाला कमी चुकांचा आकार निवडा. चित्राखाली मराठी शब्द नसल्याने कुणी अडखळली तर तेही टिपा.

चाचणीत खरा पैसा पाठवू नका, गटाच्या खऱ्या नोंदींना हात लावू नका आणि पिन कुणालाही सांगू नका.

निकालाचा कागद ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा, सीआरपी ताईंकडे द्या. "अ‍ॅप अवघड आहे" म्हटलं की कुणी लक्ष देत नाही. "सहापैकी चार जणी याच बटणावर चुकल्या" म्हटलं की ऐकावं लागतं. तोवर ज्या आकारात आपल्या चुका कमी झाल्या, तो आपापल्या फोनवर आजच लावून घ्या.