तुसाच्या आचेवरची गिरणी

नवा रायपुर हे शहर धानाच्या शेतांमध्ये आखले गेले. महानदी भवनातले मंत्रालय, ट्रिपल आयटी, जंगल सफारी, सहापदरी रस्ते असे सगळे आता तिथे आहे. पण शहराची हद्द ओलांडून मंदिर हसौद, आरंग किंवा अभनपूरच्या वाटेला लागले की पुन्हा बांध, तळी आणि धान. त्या सपाट मुलखात मध्येच एखादे धुरांडे उभे दिसते. खाली पत्र्याची शेड, अंगणात पोत्यांच्या थप्प्या, मागच्या बाजूला काळ्या राखेचा ढीग. ही उसना मिल. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला उष्मागतिकीच्या पुस्तकात जे जे शिकवतात, ते जवळजवळ सगळे या एका शेडखाली रोज घडत असते.

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते उगाच नाही. २०२४-२५ च्या खरीप हंगामात राज्य सरकारने आधारभूत किमतीने १४९ लाख टनांच्या आसपास धान विकत घेतले. रायपुरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे, आणि त्याचा पाया डॉ. रा. ह. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात गोळा केलेल्या वाणांनी घातला. सरकारने घेतलेले धान गिरण्या भरडून देतात. त्याचे सरकारी माप ठरलेले आहे: १०० किलो धानामागे अरवा तांदूळ ६७ किलो, उसना ६८ किलो.

अरवा म्हणजे धान सरळ भरडून काढलेला तांदूळ. उसना म्हणजे आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हे सांगायला नको. कोकणात आणि गोव्यात हाच उकडा, पेजेचा. प्रश्न आहे तो त्या वरच्या एका किलोचा. धान तेच, गिरणी तीच, मग उसन्यात तांदूळ जास्त का उतरतो? कारण उष्णतेने दाणा आतून सांधला जातो. कच्च्या दाण्यात बारीक भेगा असतात, उन्हाळी धानात तर फारच. भरडताना दाणा त्या भेगांवर तुटतो आणि कणी होते. वाफेने आतला स्टार्च मऊ होऊन फुगतो, भेगा बुजवतो आणि वाळल्यावर काचेसारखा घट्ट होतो. शिवाय कोंड्याजवळचे ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर आत सरकते, आणि पॉलिश केल्यावरही त्यातले बरेचसे तांदळात राहते.

पहिला मुक्काम भिजवण्याच्या टाक्यांचा. पूर्वी धान थंड पाण्यात दोन-दोन दिवस भिजत ठेवत. पाणी आंबायचे आणि तो वास भातापर्यंत टिकायचा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत रुळवली: ६५ ते ७० अंश सेल्सिअसचे पाणी, तीन ते चार तास. यापेक्षा गरम पाणी चालत नाही, कारण ७० अंशांच्या पुढे स्टार्च शिजू लागतो, दाणा फुगून तूस फाटते आणि आतला माल पाण्यात जातो. टाकीवरचा माणूस मधूनच मूठभर दाणे काढतो, एकाचे तूस सोलून तो नखाने आडवा कापतो आणि मध्यभागी पांढरा ठिपका उरला आहे का ते पाहतो. ठिपका असेल तर पाणी गाभ्यापर्यंत पोचलेले नाही. असा दाणा वाफवला तरी पोटात पांढराच राहतो आणि भरडताना फुटतो.

भिजायला तास लागतात आणि वाफवायला मिनिटे पुरतात, यामागे एक साधे गणित आहे. उष्णता आणि पाणी दोन्ही दाण्यात बाहेरून आत झिरपतात, पण त्यांचा वेग सारखा नसतो. दाण्याची जाडी दोन मिलिमीटर धरली तर उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. पाण्याला त्याच्या हजारपट वेळ लागतो. गिरणीचे सगळे वेळापत्रक या हजारपटीवर बेतलेले आहे.

दुसरा मुक्काम वाफेचा. टाकीच्या पोटातल्या छिद्रांच्या नळ्यांतून वाफ सोडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत धानाच्या वरच्या थरातून पांढरे लोट निघू लागतात. गरम हवा न वापरता वाफच का? एक किलो वाफ १०० अंशांवर दाण्याला लागून पाणी होते तेव्हा ती २,२५७ किलोज्यूल उष्णता सोडते. तेच एक किलो पाणी पुढे १०० वरून ७० अंशांवर उतरताना जेमतेम १२५ किलोज्यूल देते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ही अप्रकट उष्णता मोजली, आणि त्याच्या ओळखीतल्या जेम्स वॉटने इंजिनांत ती राबवली. वाफेचा आणखी एक गुण गिरणीच्या कामाचा आहे: उघड्या टाकीत ती दाण्याला १०० अंशांच्या वर जाऊच देत नाही. गरम हवेने शिजवायला गेले तर बाहेरचा थर करपेल आणि आतला कच्चा राहील. वाफ जिथे दाणा थंड असेल तिथेच जाऊन पाणी होते, म्हणून साऱ्या टाकीला सारखी आच मिळते.

याच वाफेजवळ आदर्श वायूचे सूत्र थोडे डगमगते. दाब गुणिले घनफळ हे तापमानाच्या प्रमाणात असते असे ते सूत्र सांगते. त्याप्रमाणे १०० अंशांवरची एक किलो वाफ १.७० घनमीटर जागा घ्यायला हवी. प्रत्यक्षात घेते १.६७. फरक दोन टक्क्यांहूनही कमी आहे, पण कारण लक्षात घेण्याजोगे आहे. आदर्श वायूचे रेणू एकमेकांना ओळखत नाहीत. वाफेचे रेणू एकमेकांना ओढतात, आणि त्या ओढीमुळेच तर वाफेचे पाणी होते. सूत्र शंभर टक्के खरे असते तर वाफ दाण्यावर कधीच जमली नसती आणि उसना तांदूळ झालाच नसता.

सूत्र पुरेपूर लागू पडते ते तिसऱ्या मुक्कामी, ड्रायरमध्ये. वाफवलेल्या धानात ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते. भरडायला ती १४ टक्क्यांवर आणावी लागते. उंच मनोऱ्यासारख्या एलएसयू ड्रायरमधून धान वरून खाली सरकत राहते आणि वाफेच्या नळ्यांवरून तापून आलेली हवा त्यातून आडवी जाते. ३० अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत धान वाळत घातले तर दिवस जातो. तीच हवा ८० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ६ टक्क्यांवर येते. हवेतला बाष्पाचा एक थेंबही आपण काढलेला नसतो. जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडले तसे मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे टाकतो. तापवल्याने बाष्पाचा दाब बदलला नाही, पण आणखी किती बाष्प मावेल त्याची मर्यादा दहापटीहून जास्त वाढली. म्हणून हवा दाण्याची ओल ओढून घेते.

इथे घाई नडते. हवेने दाण्याची कातडी लगेच वाळते, गाभ्यातली ओल मात्र तासांच्या चालीने बाहेर येते. बाहेरून आकसलेला आणि आतून ओला दाणा तडकतो, आणि वाफेने बुजवलेल्या भेगा पुन्हा उघडतात. म्हणून जाणते ऑपरेटर धान १८-२० टक्क्यांपर्यंत वाळवून काही तास कोठीत विसावू देतात आणि मग दुसरी फेरी लावतात. ओल तपासायचे यंत्र शेडमध्ये असते, पण अनुभवी माणूस आधी दाणा दाढेखाली घेतो. चेपला तर ओला. कट्कन तुटला तर भरडायला घ्या.

आता खर्चाचा हिशेब मांडू. एक टन धानाचे पाणी तापवायला, दाणा वाफवायला आणि ड्रायरमध्ये सव्वादोनशे किलोंवर पाणी उडवायला मिळून, गळती न धरता, १,००० मेगाज्यूलच्या आतबाहेर उष्णता लागते. धान भरडल्यावर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे, म्हणजे टनामागे सुमारे २०० किलो तूस निघते. गिरणीवाले त्याला भूसा म्हणतात. ते जाळून २,७०० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. म्हणजे धान आपले सरपण अंगावर घेऊनच गिरणीत येते, तेही गरजेच्या अडीचपटीने. बॉयलरची आणि ड्रायरची गळती धरूनही बहुतेक गिरण्यांना बाहेरून कोळसा आणावा लागत नाही.

हे तूस जळते ते बॉयलरच्या भट्टीत. दहा किलो दाबावरची वाफ १८४ अंशांची असते आणि तिच्याजवळ काम करणाऱ्या माणसाची नजर एका काचनळीवर खिळलेली असते. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी त्या नळीत दिसते. पाणी बॉयलरच्या आतल्या नळ्यांच्या खाली गेले की लोखंडाची उष्णता ओढून घेणारे कोणी उरत नाही, ते लाल होते आणि दाबापुढे वाकते. बॉयलरची तपासणी आणि परवानाधारक चालक यांची सक्ती १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने आणली. धुरांड्याचे कामही वायूच्या नियमावरच चालते. २०० अंशांचा धूर बाहेरच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त हलका असतो, आणि ३० मीटर उंचीच्या धुरांड्यात या फरकातून सुमारे १२ मिलिमीटर पाण्याएवढा ओढा तयार होतो. तेवढा पुरत नाही म्हणून मदतीला पंखा लावतात.

इथपर्यंत हिशेब उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचा झाला: उष्णता नाहीशी होत नाही, आली तेवढी कुठे ना कुठे सापडते. सादी कार्नोने १८२४ मध्ये ज्याची वाट दाखवली तो दुसरा नियम लावला की हीच गिरणी उधळी दिसते. भट्टीतल्या ८०० अंशांच्या उष्णतेतून, सिद्धान्ताने पाहता, ७२ टक्क्यांपर्यंत यांत्रिक काम काढता येते. ड्रायरच्या ८० अंशांच्या हवेतून कितीही हुशारी केली तरी १४ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. ८०० अंशांची आच सरळ ८० अंशांवर उतरवणे म्हणजे तिच्यातले काम न करताच टाकून देणे. त्याच वेळी गिरणीचे शेलर, पॉलिशर आणि एलिवेटर विजेवर चालतात आणि तिचे बिल येते ते वेगळेच.

हा धडा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, गिरवला आहे: वाफ चढ्या दाबावर करायची, टर्बाइन फिरवून वीज काढायची आणि उरलेली मवाळ वाफ रस आटवायला द्यायची. तांदळाच्या गिरणीत हे अशक्य नाही, पण गिरणी लहान, कामाचे महिने मोजके आणि चढ्या दाबाचा बॉयलर महाग. शिवाय कामाची खात्रीही सरकारी खरेदीवर अवलंबून असते. २०२१-२२ च्या हंगामाच्या सुरुवातीला केंद्राने छत्तीसगडकडून उसना न घेता अरवाच घ्यायचे ठरवले, तेव्हा अनेक गिरण्यांच्या टाक्यांना आणि ड्रायरना कामच उरणार नव्हते. अशा धंद्यात टर्बाइनवर पैसा घालायला धीर लागतो.

शेवटी उरते राख. तुसाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख निघते आणि तिच्यात बहुतेक सिलिका असते. वाऱ्यावर उडाली तर आसपासच्या गावांच्या कपड्यांवर आणि डोळ्यांत जाते, आणि त्यावरून तक्रारी होतात. पण हीच राख सच्छिद्र असते, तिच्या पोकळ्यांत हवा अडकून राहते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. त्यामुळे पोलाद कारखान्यांत वितळलेल्या पोलादावर उष्णता धरून ठेवण्यासाठी ती पसरतात. ज्या तुसाने धान शिजवले तेच जळून गेल्यावर १,५०० अंशांवरचे पोलाद गरम ठेवते.

टर्बाइन नसले तरी गिरणीवाल्याच्या हाती बरेच असते. धुरांड्यातून जाणारा धूर २० अंशांनी थंड केला तर इंधनात साधारण एक टक्का बचत होते. बॉयलरला जाणारे पाणी त्याच धुराने सहा अंशांनी तापवले तरी जवळपास तेवढीच. ड्रायरमधून निघालेली कोमट हवा पुन्हा आत फिरवली तर आणखी. आता भूसा वीटभट्ट्या आणि वीजकेंद्रे विकत घेतात, त्यामुळे वाचलेले प्रत्येक पोते रोख पैसा आहे. नवा बॉयलर घेताना मालक तो किती टनी आहे ते आधी विचारतो. धुरांड्याच्या तोंडाशी पारा किती राहील हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.