रापणं कुणाच्या हिताचं?

बंगळुरूतल्या यशवंतपूरहून सुटणारी वास्को-द-गामा एक्स्प्रेस रात्रभर धावून गोव्यात पोचते. तिच्यातून उतरणाऱ्या बंगळुरूच्या तरुण मंडळींना किनाऱ्यावर काळवंडायचं नसतं. त्याच वाळूवर युरोपातून आलेले गोरे पर्यटक अंगाला तेल चोळून भर दुपारी पडलेले असतात, कारण त्यांना रंग चढवून घरी जायचं असतं. सुटी संपली की पहिल्या गटातले अनेक जण पार्लरमध्ये ‘डी-टॅन’ची वेळ घेतात, तर दुसऱ्या गटातले मित्रांना रापलेले खांदे दाखवतात. एकाला रंग नको आहे, दुसऱ्याला हवा आहे. पण रंग दिसण्याआधी त्वचेत जे घडून गेलेलं असतं, ते दोघांच्याही हिशेबात नसतं.

उन्हातले दोन प्रकारचे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोचतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. त्यातले यूव्हीबी बाह्यत्वचेच्या पेशींत शिरून डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे थायमिनचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. साखळीला तिथे बाक येतो आणि पेशी दुभंगताना तिची नक्कल चुकण्याचा धोका तयार होतो. ही मोडतोड पी५३ नावाचं प्रथिन हेरतं. कर्करोगाला आवर घालणाऱ्या प्रथिनांत ज्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, तेच हे पी५३. त्याच्या इशाऱ्याने पेशी एक संप्रेरक बनवते, ते जवळच्या रंगपेशींपर्यंत जातं, रंगपेशी मेलॅनिन तयार करतात आणि आसपासच्या पेशींना वाटतात. हे मेलॅनिन केंद्रकाच्या वरच्या बाजूला गोळा होऊन पुढचे किरण अडवू लागतं. दोन-तीन दिवसांनी आरशात दिसणारा सावळेपणा तो हाच.

बोस्टनमधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. इजा झालेल्या डीएनएतून दुरुस्तीच्या वेळी कापून काढले जातात तसे थायमिनचे बारीक तुकडे त्यांनी गिनीपिगच्या कातडीला लावले. अतिनील किरणांचा संबंध नसतानाही कातडी गडद झाली. डीएनए मोडल्याची खूण मिळाली एवढ्यानेच शरीराने रंग बनवायला घेतला होता. पुढे २००७ मध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटाने पी५३पासून मेलॅनिनपर्यंतचा मार्ग उलगडला. त्या मार्गात बीटा-एंडॉर्फिन हे सुखद वाटायला लावणारं द्रव्यही तयार होतं. उन्हात पडून राहण्याची काहींना चटक का लागते, याचं एक उत्तर इथे सापडतं.

म्हणून ‘आधी हळूहळू रापून घ्यावं, मग ऊन बाधत नाही’ हा सल्ला मला घातक वाटतो. रापलेल्या त्वचेचं संरक्षण सनस्क्रीनवरच्या एसपीएफच्या भाषेत जेमतेम तीन-चार भरतं. यूव्हीएमुळे लगेच चढणारा काळपटपणा तर आधीच असलेल्या मेलॅनिनमधला बदल असतो, त्याने संरक्षणात फारशी भर पडत नाही. एवढ्याशा आडोशासाठी हजारो पेशींच्या डीएनएला इजा करून घ्यायची, हा व्यवहार पहिल्या दिवसापासून तोट्याचा आहे.

गोरी त्वचाही एका प्रकारची नसते. अमेरिकी त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेची वर्गवारी उन्हाला ती कसा प्रतिसाद देते यावरून केली. पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी भाजते आणि कधीच रापत नाही. अशा माणसाने रंग चढेल या आशेने कितीही ऊन खाल्लं तरी हाती लाली, फोड आणि सालपटंच येतात. कोकणातली घाऱ्या डोळ्यांची गोरी माणसं बहुतेक वेळा या प्रकारात मोडत नाहीत. ती भाजतात आणि रापतातही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात दक्षिण भारतातल्या बाराशेवर लोकांची तपासणी झाली. वर्णातला सुमारे २७ टक्के फरक एसएलसी२४ए५ या एकाच जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने स्पष्ट होतो, असं त्यात आढळलं. हाच बदल युरोपातही सर्वत्र आहे आणि दोन्हीकडे तो एकाच पूर्वजाकडून आला आहे. मात्र लाल केस आणि अजिबात न रापणारी त्वचा देणारे एमसी१आर जनुकातले बदल आपल्याकडे क्वचितच दिसतात. मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे तीसहून अधिक जणांना होतो आणि भारतात लाखामागे एकापेक्षाही कमी लोकांना, यामागचं मोठं कारण आपल्याकडचं मेलॅनिन आहे. ते जन्मतः मिळालेलं आहे. उन्हात पडून मिळवलेला रंग त्याची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा गोऱ्या माणसाने मुद्दाम रापून घ्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. कृत्रिम अतिनील दिव्यांखाली झोपून रापणं तर त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्या यंत्रांना तंबाखूच्याच गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, टाकलं. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी घातली.

बंगळुरूकरांची फसगत होते ती वेगळ्या ठिकाणी. यशवंतपूरच्या बाजारसमितीच्या आवारात मार्चच्या सकाळी वारा गार लागतो, ऊन अंगाला टोचत नाही, म्हणून ते मवाळ वाटतं. पण अतिनील किरण त्वचेला जाणवतच नाहीत. आपल्याला जाणवते ती उष्णता. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता दहा-बारा टक्क्यांनी वाढते. त्यात अक्षांश १३ अंश, त्यामुळे एप्रिलच्या २४-२५ तारखेला आणि १८ ऑगस्टच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस येतो. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दुपारी इथला अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. ३ पासून पुढे काळजी घ्यावी आणि ११ पासून पुढची पातळी अतितीव्र समजावी, असं आरोग्य संघटना सांगते. पातळ ढगांतून तर ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. गोव्यात घाम फुटतो म्हणून माणूस सावलीत तरी शिरतो. बंगळुरूत तो गच्चीवर कॉफी घेऊन बसतो.

अतिनील किरण अडवणारा ओझोनचा थर उष्ण कटिबंधावर समशीतोष्ण प्रदेशांपेक्षा पातळ असतो, हेही इथे महत्त्वाचं. हा थर भारतात मोजण्याच्या कामाशी एक नाव जोडलेलं आहे. यशवंतपूरला लागूनच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४० मध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झालेल्या अण्णा मणी हिरे आणि माणकं यांच्या वर्णपटांवर तासन्‌तास काम करत. एम.एस्सी.ची पदवी नव्हती म्हणून त्यांना पीएच.डी. नाकारली गेली, हे वाचताना आजही राग येतो. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, तिथे हवामानाची उपकरणं देशात बनवण्याचं काम उभं केलं, सौर प्रारणाची मोजणी करणारी केंद्रं देशभर वसवली, आणि त्यांच्याच पुढाकाराने ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं उपकरण फुग्यांतून आकाशात जाऊ लागलं. आपल्या डोक्यावर किती ऊन पडतं हे आपण मोजून सांगू शकतो, त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांचं आहे.

‘मग ड जीवनसत्त्वाचं काय?’ असं लगेच विचारलं जातं. त्यासाठी थोडंसं ऊन पुरतं, रापण्याची गरज नसते. काही मिनिटांनंतर त्वचेतलं पूर्वद्रव्य निष्क्रिय रसायनांत बदलू लागतं आणि ‘ड’चं उत्पादन थांबून राहतं. नुकसान मात्र वाढत जातं. सावळ्या त्वचेला यासाठी अधिक वेळ लागतो हे खरं. काचेमागे बसून ऊन घेण्याचा काहीच उपयोग नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते आणि यूव्हीए आत सोडते. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्याने रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणं अधिक शहाणपणाचं.

संरक्षणात पहिला मान कपड्यांचा. पुण्यात दुचाकीवर चेहऱ्याभोवती स्कार्फ गुंडाळून, हातात लांब मोजे घालून निघणाऱ्या मुलींची खूप थट्टा झाली. विज्ञान त्यांच्या बाजूने आहे. सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. आपण बहुतेकदा त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. त्याचा फायदा होतो का? ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात १९९२ पासून १,६२१ लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत मेलॅनोमाचं प्रमाण पुढच्या दहा वर्षांत निम्म्यावर आलेलं दिसलं. वांग असणाऱ्यांनी मात्र लोहाचे ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन निवडावं. सावळ्या त्वचेत निळा दृश्य प्रकाशही डाग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही.

ज्यांना रंग हवाच आहे त्यांच्यासाठी तुलनेने सुरक्षित वाट आहे ती डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोनची, म्हणजे डीएचएची. १९५० च्या दशकात सिनसिनाटीत एव्हा विटगेनस्टाइन आजारी मुलांना ही साखर औषध म्हणून देत होत्या. ती त्वचेवर सांडली तिथे तपकिरी डाग पडले, कपड्यांवर मात्र पडले नाहीत. भाकरी तव्यावर जिच्यामुळे तांबूस होते त्याच जातीची ही अभिक्रिया, फक्त ती त्वचेच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांबरोबर होते. आठवड्याभरात तो थर झडला की रंगही जातो. डोळ्यांत, ओठांवर, श्वासात ते जाऊ देऊ नये. आणि या रंगाने उन्हापासून बचाव होत नाही, म्हणून सनस्क्रीन सुटत नाही. रंग चढवणाऱ्या कॅन्थाझँथिनच्या गोळ्यांचे स्फटिक डोळ्याच्या पडद्यात साचतात, आणि ऑनलाइन विकली जाणारी मेलॅनोटॅनची इंजेक्शनं कोणत्याही देखरेखीविना टोचली जातात. दोन्हींपासून दूर राहावं.

डीएचएचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग कोड असलेल्यांसाठी आहे. पांढऱ्या डागांत रंगपेशीच उरलेल्या नसतात, त्यामुळे ऊन लागलं की डाग भाजतो, भोवतीची त्वचा रापते आणि डाग अधिकच उठून दिसतो. डीएचएने तो झाकता येतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांना बोलतं केलं, हे काम या रंगरसायनाहून कितीतरी मोठं.

कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा उपाय आयुर्वेदात फार जुना आहे आणि तो आधुनिक वैद्यकाने सोरालेनच्या रूपात स्वीकारलाही. पण सोरालेन त्वचेला अतिनील किरणांबाबत कमालीची हळवी करतं. मात्रा चुकली की फोड येतात. म्हणून घरच्या घरी हा प्रयोग नको. आता याच कुळातली द्रव्यं लिंबाच्या सालीत आणि रसात असतात. टॅन घालवायला लिंबू चोळायचं आणि मग बाहेर पडायचं, हा आपल्या घराघरांतला उपाय नेमका काळे चट्टे आणतो. चण्याचं पीठ आणि दही निरुपद्रवी आहेत, पण त्यांनी रंग उतरतो तो चोळण्यामुळे, तोही जरासाच. पार्लरमधलं ब्लीच बारीक लव पिवळी करतं म्हणून चेहरा उजळ भासतो. खरं तर ऊन टाळलं तर बाह्यत्वचा झडताना रंग काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

रंग उजळण्याच्या घाईचा शेवट किती वाईट होऊ शकतो हे २०२३ मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबाने अनुभवलं. गोरेपणाचं क्रीम वापरणाऱ्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला.

एक गोष्ट उन्हाशी संबंधित नाही, तरी सांगायलाच हवी. आपल्या त्वचेत मेलॅनोमा दुर्मीळ असला तरी तो होतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. १९८१ मध्ये गायक बॉब मार्ले गेले ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने. नखात वाढत जाणारी काळी रेघ, टाचेवरचा कडा वेड्यावाकड्या असलेला, रंग किंवा आकार बदलणारा डाग, किंवा काही आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी, वर्ण कोणताही असो.