शून्यालाही एकक लागतं

तिच्या टेबलाच्या खणात एक जुना अँड्रॉइड फोन आहे. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. त्यात अक्षरांचा आकार कायम सगळ्यात मोठ्यावर ठेवलेला असतो, आणि तो कोणी बदलायचा नाही अशी चिठ्ठी मागे चिकटवलेली आहे. मी गेलो तेव्हा तिने तो फोन माझ्या हातात दिला आणि एका पतसंस्थेच्या ॲपची जुनी आवृत्ती उघडून दाखवली. खाली हिरवं बटण होतं. त्यावर मला दिसलं ते असं: ‘पस भरा’.

मूळ शब्द ‘पैसे भरा’ होते. मात्रा वरच्या वर छाटल्या गेल्या होत्या.

“एका सभासदाने फोटो काढून पाठवला होता,” ती म्हणाली. “वयस्कर गृहस्थ. बटणावर काय लिहिलंय ते कळत नाही, दाबू का, असं विचारत होते. पैशाचा व्यवहार आहे हो. माणूस न वाचता दाबेल कसा?”

पुण्यात बाणेरच्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत ती काम करते. सगळे तिला टोकनवाली म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींची मापं कोण ठरवतं ते बघून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. एका दुपारपुरतं गेलो आणि तीन दिवस रोज जात राहिलो. कारण त्या छाटलेल्या मात्रांचा माग काढत गेलं की वाट थेट तिच्या एका फायलीत जाऊन पोहोचते.

ती फाइल म्हणजे मापांची यादी. प्रत्येक मापाला नाव. मजकुराचा आकार, दोन ओळींमधली जागा, बटणाची उंची, कडेचं अंतर, कोपऱ्याची गोलाई. वेबसाइट असो, अँड्रॉइड असो की आयफोन, तिथलं बटण बनवणाऱ्याने आकडा लिहायचा नाही, नाव लिहायचं. आकडा फायलीत एकदाच. तो तिथे बदलला की सगळीकडे बदलतो. याला डिझाइन टोकन म्हणतात. आमच्याकडे कपाटं करायला येणारा सुतार आधी एका पट्टीवर खुणा करून घ्यायचा आणि मग बाराही दारं त्याच पट्टीवरून कापायचा. दर दाराला टेप लावली तर दर दाराला एखादं सूत इकडेतिकडे होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टोकनवालीची फाइल म्हणजे ती पट्टी.

या नावाचा इतिहास फार जुना नाही. २०१४च्या सुमारास सेल्सफोर्स कंपनीत जिना ॲन आणि जॉन लेव्हिन यांनी ही कल्पना मांडली आणि तिला हे नाव दिलं. ॲमेझॉनमधून ‘स्टाइल डिक्शनरी’ नावाचं साधन आलं, जे एकाच यादीतून प्रत्येक प्रकारच्या यंत्राला समजेल असं रूप तयार करतं. सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावं म्हणून २०१९ साली वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या छत्राखाली एक गट बसला, आणि त्यांच्या मसुद्याची पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०२५मध्ये बाहेर पडली. इतिहास एवढाच.

मला खिळवून ठेवलं ते त्या मसुद्यातल्या एका छोट्या नियमाने. रंगाचं टोकन असतं तसं लांबीचंही असतं. पूर्वी ते ‘१६ पिक्सेल’ असं एका दमात, एकच शब्द असल्यासारखं लिहीत. आता दोन खणांत लिहायचं. एका खणात आकडा, १६. दुसऱ्या खणात एकक, पिक्सेल. दुसरा खण रिकामा ठेवायची मुभा नाही. आकडा शून्य असला तरी नाही.

शून्याला कसलं एकक? शून्य इंच काय आणि शून्य कोस काय, सारखंच. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तिने उत्तर न देता लॅपटॉप पुढे ओढला. वेबपानाची मांडणी ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएसमध्ये नुसतं शून्य चालतं. समास शून्य ठेवा म्हटलं तर ब्राउझर ठेवतो. पण तिने एक बेरीज लिहिली: जादा अंतराचं टोकन अधिक १६ पिक्सेल. टोकनाची किंमत ४ पिक्सेल असताना मजकूर कडेपासून २० पिक्सेल आत होता. मग तिने किंमत नुसती ० केली. मजकूर १६वर यायला हवा होता. तो पडद्याच्या कडेला जाऊन चिकटला. ब्राउझरच्या लेखी नुसतं ० म्हणजे लांबी नव्हे, संख्या आहे. संख्येत लांबी मिळवता येत नाही. म्हणून त्याने सगळी बेरीजच रद्द धरली आणि अंतर सोडून दिलं. कुठेही लाल अक्षरात चूक दिसली नाही. तिने शून्यापुढे पिक्सेल लिहिलं आणि मजकूर मुकाट्याने जागेवर आला.

“हे शोधायला मला एकदा दीड दिवस लागला होता,” ती म्हणाली.

त्या दीड दिवसामागे एक जुनं तत्त्व आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७३च्या आपल्या विद्युत-चुंबकत्वावरच्या ग्रंथाची सुरुवातच त्याने केली आहे: कोणतीही राशी दोन घटकांची बनते, एक संख्या आणि एक एकक. शाळेत आपण उत्तरापुढे ‘सेमी’ लिहायला विसरलो की बाई अर्धा गुण कापायच्या. मुलांना तो जाच वाटतो. टोकनवालीच्या टेबलाशी बसल्यावर मला त्या बाईंची बाजू पुरती पटली. एकक हे आकड्याचं आडनाव नाही. आकड्यात त्याचा गुणाकार झालेला असतो.

हा गुणाकार तिने मला शब्दशः दाखवला. डिझाइनर मंडळी फिग्मा नावाच्या आराखडे काढायच्या साधनात काम करतात. तिथल्या व्हेरिएबलमध्ये संख्या ठेवता येते, पण तिला एकक नसतं. म्हणजे डिझाइनरकडून तिच्याकडे येतो तो उघडा १६. नवखा प्रोग्रामर काय करतो, तर १६च्या मागे ‘पिक्सेल’ ही अक्षरं चिकटवून देतो. दिसायला बरोबर. पण ज्यातून सीएसएस तयार होतं त्या सॅससारख्या भाषेत अशी अक्षरं चिकटवली की आकडा आकडा राहत नाही, शब्द होतो. त्याची पुढे बेरीज होत नाही, निम्मा करता येत नाही. बरोबर रीत अशी की १६ला एक पिक्सेलने गुणायचं. मग तो लांबी होतो आणि लांबीसारखा वागतो. “नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते,” ती म्हणाली. “एकक चिकटवायचं नाही, गुणायचं.”

मसुद्यात लांबीला एककं दोनच मान्य आहेत. पिक्सेल आणि रेम. यातला पिक्सेल म्हणजे काचेवरचा दिव्याचा ठिपका नव्हे. त्याची व्याख्या डोळ्याच्या बाजूने केलेली आहे: ९६ ठिपके प्रति इंच घनतेचा पडदा हातभर, म्हणजे २८ इंच लांब धरला तर त्यातला एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करतो, तेवढा. त्या अंतरावर तो साधारण पाव मिलिमीटर भरतो. अँड्रॉइडवर त्याचा डीपी होतो, आयफोनवर पॉइंट.

रेमची गोष्ट मला जवळची. लहानपणी आमच्या गल्लीत एक छापखाना होता. तिथले जुळारी डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने केसमधले खिळे इतक्या झपाट्याने उचलायचे की हात दिसायचा नाही. अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एक बिनअक्षरी चौकोनी खिळा असायचा. एम क्वाड. बारा पॉइंटांचं अक्षर लावलं असेल तर तो बारा पॉइंट उंच आणि बारा पॉइंट रुंद. परिच्छेदाच्या सुरुवातीला तो एक ठोकायचा. अक्षराचा आकार बदलला की क्वाडही बदलायचा, म्हणून समास नेहमी अक्षराला शोभेल एवढाच सुटायचा. सीएसएसमधला ‘एम’ हा त्याच शिशाच्या चौकोनाचा वंशज, आणि रेम म्हणजे मुळाचा एम: वाचणाऱ्याने आपल्या यंत्रात अक्षराचा जो आकार पसंत केला असेल, तो एक रेम. कोणी काही बदललं नसेल तर तो बहुधा १६ पिक्सेल असतो. ज्याला बारीक दिसत नाही त्याने वाढवला की रेममधलं प्रत्येक माप त्याच्यासोबत वाढतं. अँड्रॉइडवर एक रेम १६ एसपी होतो आणि तिथेही वापरणाऱ्याची सेटिंग त्याला लागू होते.

म्हणजे पिक्सेल लिहायचं की रेम, हा तांत्रिक तपशील नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं ऐकायचं की नाही, हे त्या दुसऱ्या खणात ठरतं. त्या खणात चुकीचा शब्द पडला म्हणून ‘पैसे’चं ‘पस’ झालं होतं.

झालं असं की मजकुराचा आकार होता १ रेम आणि ओळीची उंची होती २० पिक्सेल. ज्याने लिहिलं त्याच्या फोनवर १६च्या अक्षराला २०ची ओळ मिळत होती. सभासदाच्या फोनवर अक्षर १.३ पट झालं, १६चं २०.८. ओळ मात्र २०वरच थांबली, आणि चौकटीबाहेर जाईल ते कापायचं असं बटणाला सांगून ठेवलेलं. इंग्रजी ‘पे’ कदाचित त्यातूनही निभावलं असतं. पण देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार, ऋकार, जोडाक्षरांचे मजले. चौकट अपुरी पडली की आधी हेच जातात. मसुद्याने यावर शहाणपणाचा तोडगा काढलाय: ओळीची उंची लांबी म्हणून लिहायचीच नाही, अक्षराच्या आकाराच्या किती पट, ती संख्या लिहायची. १.५ किंवा १.६. इथे एकक नसणं हेच बरोबर. शून्याला एकक हवं आणि ओळीच्या उंचीला नको, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या डोक्यात नीट बसायला मला तिसरा दिवस उजाडावा लागला.

तर मग सगळंच रेममध्ये का नाही? मीही हेच विचारलं. तिने कागदावर आकडेमोड केली. फोनची रुंदी ३६० पिक्सेल. दोन्ही कडांना २ रेम सोडले तर एरवी ३२ आणि ३२. वाचणाऱ्याने अक्षर दुप्पट केलं की ६४ आणि ६४. मजकुराला उरले २३२, आणि त्यात दुप्पट आकाराची अक्षरं. ‘प्रमाणपत्र’ हा शब्द मधूनच तुटतो. ज्याच्यासाठी अक्षर मोठं केलं त्यालाच ते वाचवत नाही. म्हणून कडेचं अंतर पिक्सेलमध्ये, मजकूर रेममध्ये, बारीक रेघ पिक्सेलमध्ये, आणि बटणाची उंची ठरावीक न ठेवता ‘कमीत कमी इतकी’. नियम एकच लिहून मोकळं होता येत नाही. प्रत्येक टोकनाशी थांबून विचारावं लागतं की हे वाढावं की राहावं.

आणि हे विचारायला कंपन्यांमध्ये कोणाला वेळ नसतो, ही माझी काळजी आहे. तिच्या आधीच्या एका प्रकल्पात कोणीतरी हिशेब सोपा पडावा म्हणून मुळाचाच आकार १० पिक्सेलवर बांधून टाकला होता. सगळी फाइल रेममध्ये, दिसायला आदर्श. पण मूळच खुंटीला बांधलेलं, त्यामुळे वाचणाऱ्याने ब्राउझरची अक्षरं कितीही मोठी करावीत, पानावर ढिम्म फरक नाही.

दुसरं संकट अक्षरांमधल्या अंतराचं. तेही लांबीचंच टोकन. कॅपिटल अक्षरांतली इंग्रजी शीर्षकं जरा मोकळी दिसावीत म्हणून ते ठेवतात. तेच टोकन मराठी शीर्षकाला लागलं की शिरोरेषा तुटते आणि ‘बचत खाते’ हे ब, च, त, खा, ते असं सुटंसुटं, दात पडल्यासारखं दिसतं. तिने ते टोकन मराठीसाठी शून्य केलं. एककासह.

इथून पुढे वाट अवघड होत जाते. इंग्रजीच्या मापाने बेतलेली यादी मराठीला अंगाला बसत नाही, म्हणून मराठीची वेगळी किंमत ठेवायची. मग प्रत्येक नावामागे दोन आकडे. त्यात फोनच्या छोट्या-मोठ्या पडद्यांचे निराळे आकडे. त्यात एकाच वाक्यात मराठी आणि इंग्रजी मिसळलेलं असतं, आणि आपली तर निम्मी वाक्यं तशीच असतात, तेव्हा ओळीची उंची कोणाची घ्यायची? बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरीला वरखाली जागा राखावी लागते, म्हणून १६चं मराठी अक्षर शेजारच्या १६च्या इंग्रजीपेक्षा बारीक भासतं. एकक तेच, आकडाही तोच, डोळ्याला दिसणारं माप वेगळं. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे स्वतःचे खिळे घडवले. परक्या लिपीचे खिळे कापून भागवलं नाही. आज टाइप घडवणारी उत्तम मंडळी मुंबई-पुण्यात आहेत, फॉन्ट सुरेख झालेत. पण तो फॉन्ट ज्या चौकटीत बसतो तिची मापं अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजी मजकूर समोर ठेवूनच ठरतात, आणि मराठी शेवटच्या आठवड्यात आत ओतली जाते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मराठीच्या ओळीची उंची १.५वरून १.७ करून बघत होती. फायलीतला एकच आकडा. तिने तो बदलला आणि सगळे पडदे एकामागून एक उघडायला घेतले. बटणांवरचे उकार सुटे झाले, ‘पूर्तता’ पहिल्यांदा पूर्ण दिसली. व्यवहारांच्या यादीत मात्र पूर्वी सहा नोंदी मावत होत्या तिथे आता पाच मावल्या आणि सहावी अर्धी कापली गेली. खातं बंद करण्याच्या पडद्यावर ‘रद्द करा’चं बटण घडीखाली गेलं, बोटाने सरकवल्याशिवाय दिसेना. तिने ते वहीत टिपलं. मग १.६ लिहून पाहिलं. मग १.६५. खणातला फोन काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरुवात केली.