वार्धक्य, प्रतिकारपेशी आणि एच.आय.व्ही.

वाढत्या वयानुसार रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशींची संख्या, रचना व कार्यक्षमता यांत बदल होतात. या बदलांमुळे एच.आय.व्ही. विषाणूला पेशींत शिरकाव करणे काही अंशी सुलभ होते आणि संसर्गानंतर होणारी हानी भरून काढण्याची शरीराची क्षमता घटते. दीर्घकाळ उपचार घेत वृद्धत्वाकडे झुकलेल्या रुग्णांमुळे मुंबईसारख्या शहरात या विषयाला विशेष महत्त्व आले आहे.

== विषाणूचा पेशीप्रवेश ==

एच.आय.व्ही. मुख्यतः सीडी४ प्रकारच्या टी-पेशींवर हल्ला करतो. पेशीत शिरण्यासाठी त्याला सीडी४ या ग्राहीबरोबरच आणखी एका सहग्राहीची आवश्यकता असते. हा सहग्राही बहुधा सीसीआर५ आणि काही वेळा सीएक्ससीआर४ असतो. विश्रांत अवस्थेतील पेशीत विषाणूची वाढ फारशी होत नाही. उत्तेजित पेशीत मात्र ती वेगाने होते.

== वयानुसार होणारे बदल ==

टी-पेशी छातीतील यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात. नावाप्रमाणेच ही ग्रंथी तारुण्यापासून आक्रसत जाते आणि तिची जागा चरबी घेते. परिणामी नव्या, अननुभवी टी-पेशींचा पुरवठा आटतो व पूर्वीच्या संसर्गांशी लढलेल्या स्मृतिपेशींचे प्रमाण वाढते. सीसीआर५ हा सहग्राही अननुभवी पेशींवर अत्यल्प, तर स्मृतिपेशींवर अधिक आढळतो. त्यामुळे विषाणूला अनुकूल अशा पेशींचा वाटा वयोमानानुसार वाढतो. उतारवयात शरीरात रेंगाळणारा सौम्य स्वरूपाचा दाह काही पेशींना सतत उत्तेजित ठेवतो. हेही विषाणूच्या पथ्यावर पडते.

स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे प्रमाण घटून योनीमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते. त्यास सूक्ष्म इजा होण्याची शक्यता वाढते. गर्भधारणेची भीती उरत नसल्याने या वयात निरोधचा वापरही अनेकदा थांबतो.

तथापि, केवळ वयामुळे कोणालाही संसर्ग होत नाही. त्यासाठी असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई किंवा दूषित रक्त यांद्वारे विषाणूशी संपर्क यावा लागतो.

== संसर्गानंतरची वाटचाल ==

युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील रुग्णांचा एक एकत्रित अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रभावी बहुऔषधी उपचार येण्यापूर्वीच्या काळाविषयी त्यात असे आढळले, की १५ ते २४ या वयात संसर्ग झालेल्यांचे त्यानंतरचे मध्यक आयुर्मान १२.५ वर्षे होते. ४५ ते ५४ या वयोगटात ते ७.९ वर्षे होते. उपचार सुरू केल्यावर वृद्धांच्याही रक्तातील विषाणूचे प्रमाण उत्तम रीतीने घटते. परंतु सीडी४ पेशींची संख्या तरुणांच्या तुलनेत सावकाश वाढते. संसर्ग स्वतःही प्रतिकारपेशींना अकाली वार्धक्य आणतो. त्यामुळे हृदयविकार, अस्थींची झीज व मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका वाढतो.

== मुंबईतील स्थिती ==

भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत विषाणूरोधक उपचारांना आरंभ केला. पहिल्या आठ केंद्रांमध्ये भायखळ्याच्या सर ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता. पुढे परळचे के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे सुरू झाली. शहरातील कार्यक्रमाचे संयोजन १९९८ साली स्थापन झालेली मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था करते. तिचे कार्यालय वडाळा येथे आहे. २००४ मध्ये चाळिशीत उपचार सुरू केलेली व्यक्ती २०२४ मध्ये साठीत पोहोचली. अशा रुग्णांच्या बाबतीत एच.आय.व्ही.सोबतच मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांवरही लक्ष ठेवावे लागते.

औषधांचा परस्परसंबंधही महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय कार्यक्रमातील डोल्युटेग्राव्हिर या औषधामुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते. आम्लपित्तावरील काही औषधे, तसेच कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरचे शोषण कमी करतात. टेनोफोव्हिरचा परिणाम मूत्रपिंड व अस्थींवर होऊ शकतो. म्हणून घेत असलेल्या सर्व गोळ्यांची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.

== निदानातील विलंब ==

वजन घटणे, थकवा, वारंवार होणारा न्यूमोनिया किंवा विस्मरण ही लक्षणे ज्येष्ठांमध्ये 'वयाचा परिणाम' म्हणून दुर्लक्षिली जातात. ज्येष्ठांना चाचणीविषयी विचारण्याचा संकोच घरात आणि दवाखान्यातही असतो. पेशींची भरपाई मुळातच मंद असल्याने हा विलंब वृद्धांना अधिक महागात पडतो.

शासकीय व महापालिका रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ नुसार चाचणीसाठी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक असून गोपनीयतेलाही कायद्याचे संरक्षण आहे. निदान होताच, सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी, उपचार सुरू करण्याचे धोरण भारताने २०१७ पासून स्वीकारले आहे. १०९७ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर माहिती व समुपदेशन मिळते.